कवितेचं कपाळ

शालिनी कुठे आहे हे वायंगणवाड्यात कुणी कुणाला विचारत नसे. कान दिला की कळायचं. विहिरीवर असली तर रहाटाच्या करकरीवर तिचा सूर चढलेला असायचा, शेणी थापत असली तर हाताच्या थापेला धरून यायचा. गाणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. जरासं नाकातून, ओळीच्या शेवटी एक गिरकी, आणि गिरकी संपली की एक 'हुं'. हा 'हुं' मोठा गमतीचा. ऐकणाऱ्याने मान डोलवून द्यायचा तो हुंकार ही बाई स्वतःच देऊन टाकायची, समोरच्याला तेवढीही तसदी नको म्हणून. वाड्यावरची पोरं नाक दाबून त्याची नक्कल करत आणि आपापल्या आयांच्या हातचा मार खात.

पेडण्याहून साखळीच्या वाटेला लागलं की तिठ्यावर डावीकडे उतरून हा वाडा. तिथे पौष महिन्यात धालो. मांड, म्हणजे धालोसाठी राखलेलं अंगण, सारवायचा, देवाला सांगणं करायचं आणि बायकांनी समोरासमोर दोन ओळी करून, एकमेकींच्या कमरेत हात घालून, पुढे चार पावलं मागे चार पावलं गात राहायचं. पहिली ओळ उचलायची ती शालिनीने. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून हे ठरूनच गेलेलं. बाकी वर्षभर ती दुसऱ्यांच्या कुळागरात सुपाऱ्या सोलायची, कुणाचं अंगण सारवायची, वाचनालयाची झाडलोट करायची. पण पौषात मांडावर उभी राहिली की जमीनदारिणीसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत.

एकच अट होती. मांडावर चढायचं ते सवाष्णीने.

आणि शालिनीचा नवरा बाबली मुरगावला बार्जवर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. पाच-सहा वर्षं झाली असतील. कोण म्हणे आखाताच्या बोटीवर चढला, कोण म्हणे वास्कोत दुसरं घर केलं, आणि कोण काहीच न म्हणता नुसतं समुद्राच्या दिशेने बघे. शालिनी रोज सकाळी कपाळावर मेण लावून त्यावर पिंजर चिकटवायची, वाटाण्याएवढी. गोव्याकडे कुंकवाला पिंजर म्हणतात. विहिरीवर मागून नवऱ्यावरून टोमणा यायचा, "घोव दर्यात आणि पिंजर दारात." शालिनी घागर भरून चालू लागायची. उत्तर द्यायचं काम तिच्या जावेचं, देवकीचं.

देवकी म्हणजे तोंडाची तोफ. "माजो दीर जिवंत असा," ती कमरेवर हात ठेवून सांगे. "मेलो असतो तर माज्या सपनात येवन च्या मागल्यान असती. जिवंत होतो तेव्हा दिसाक चार वेळा मागी. अजून एकदाय येवक नाय." हा पुरावा असा होता की त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आदल्या डिसेंबरात वाचनालयाच्या नव्या खोलीची भिंत रिकामी होती. वाचनालयाचे अध्यक्ष मधुकर मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. प्रत्येक वाक्य 'मूलतः'ने सुरू. चहा मागायचा तरी, "मूलतः, मला साखर कमी चालते." त्यांनी जाहीर केलं की या भिंतीवर भित्तिचित्र होईल. विषय, सुख आणि काव्य. शैली प्रतीकात्मक.

"म्हणजे देवाचां काय, मास्तर?" कुणीतरी विचारलं.

"मूलतः, देवाचं नव्हे. प्रतीक म्हणजे दिसतं एक आणि सांगायचं असतं दुसरं. एक स्त्री निजलेली. ती सुख. एक स्त्री उभी, गाते आहे. ती कविता. सुखाला झोप लागते, कविता मात्र जागी राहते."

"आणि जागी रवान करता कितें?"

मास्तरांनी त्या माणसाकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विषय संपवला.

चित्राला कृष्णनाथ आला. पेडण्याच्या बाजूचा, देवळांच्या भिंतींवर कावेचं काम करणारा. ते काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. बोलायला महाकंजूष. सगळ्यांना एकच उत्तर, "बघूया." मात्र त्याचे सूर वेगळे. वर गेला तर होकार, खाली गेला तर नकार, सपाट राहिला तर बिडी शोधतो आहे असं समजायचं.

कावेचं काम रंगाऱ्यासारखं ब्रशने होत नाही. शिंपल्यांचा चुना गुळाच्या पाण्यात मुरत घालायचा, मग कांडायचा, लोण्यासारखा होईपर्यंत. त्याचा पांढरा गिलावा. त्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा पातळ लाल थर. तो ओला आहे तोवर लोखंडी टोचणीने खरवडायचं. जिथे खरवडलं तिथे खालचा पांढरा दिसतो, जिथे राखलं तिथे लाल. चित्र लावून होत नाही, काढून होतं. आणि एकदा काढलेलं परत घालता येत नाही.

चुना कांडायला शालिनीला बोलावलं. मुसळ हातात आलं की ती गाणार, हे ठरलेलंच.

"दारच्या गो माडा, वाकून बघ रे,
दर्यावयल्यो वाटो मोजून सांग रे... हुं."

कृष्णनाथ पाठमोरा बसून ऐकायचा.  एकदाच, मुसळ थांबलं तेव्हा, मान न वळवता म्हणाला, "थांबू नको."

कवितेच्या तोंडापर्यंत काम आलं त्या दिवशी शालिनी चुन्याची बाल्दी घेऊन मागे उभी होती. कृष्णनाथाची टोचणी कपाळावर येऊन थांबली. सुखाच्या कपाळावर त्याने लाल ठिपका राखला होता, नीट गोल.

"मास्तर, हिका पिंजर दवरूची?"

मास्तर खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "मूलतः, कविता ही कुणाची पत्नी नव्हे. ती मुक्त आहे. कपाळ मोकळं असू दे."

"बघूया," कृष्णनाथ म्हणाला. सूर वर गेला. टोचणी दोनदा फिरली, लाल भुकटी खाली पडली, आणि शालिनीने ती संध्याकाळी बाकीच्या कचऱ्याबरोबर झाडून टाकली.

उद्घाटनाला पणजीहून कुणी मोठे गृहस्थ यायचे होते. पण त्या दिवसांत भाषेवरून सगळं पेटलेलं. कोंकणी की मराठी यावरून रस्त्यात झाडं आडवी पडत होती, पाट्यांना डांबर लागत होतं, बस कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. गृहस्थ आले नाहीत. मास्तरांनी स्वतःच पडदा ओढला, स्वतःच भाषण केलं आणि भाषणात एकोणीस वेळा नाही तरी दहा-बारा वेळा 'मूलतः' नक्की आलं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाला गेले.

मग बायका पुढे सरकल्या. चपला दाराबाहेर काढून. कुणी सांगितलं नव्हतं, पण देवळाच्या भिंतीसारखी लाल-पांढरी भिंत समोर आली की वायंगणवाड्यातल्या पायांना चपला सहन होत नाहीत.

देवकीने आधी ओळखलं. "गो शालू, ही तू."

खरंच होती. हनुवटी तशीच वर, ओठ अर्धे उघडे, ओळीची गिरकी संपून 'हुं' येणार तेवढ्यात कुणी धरून ठेवावी तशी. शालिनीच्या कानामागे गरम झालं. आपलं तोंड तिने असं बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "ती निजलेलीसुद्धा हीच." तीही होती. सुखालाही शालिनीचंच नाक होतं.

आणि मग एकेक करत नजर वर चढत गेली. निजलेलीच्या कपाळावर पिंजर. गाणारीच्या कपाळावर काही नाही.

"गाणारी खंयची?" यातली गाणारी कुठली, असं मागून कुणीतरी हळू विचारलं, जणू समोर दिसत नव्हतं.

मांडाची थोरली भागीकाकी. मांड कधी भरायचा, कधी मोडायचा हे तिच्या शब्दावर. तिने पदर डोक्यावर ओढला. "कृष्णनाथ देवळां करता," ती म्हणाली. "उपाशी बसान काम करता. तेचो हात उगीच चलना."

तेवढंच. पण संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचलं की भिंतीने सांगितलं. बाबली गेला.

शालिनी दुसऱ्या सकाळी कृष्णनाथाकडे गेली. तो टोचण्या गोणपाटात गुंडाळत होता.

"तुका बाबलीचां कायतरी म्हायत असा?"

"नाय."

"मग माजां कपाळ कित्याक पुसलंस?"

"मास्तर म्हणालो."

"आणि दोगींकय माजां तोंड?"

"दुसरां तोंड खंय होतां थंय?" त्याने बिडी काढली, पेटवली नाही. "चुनो कांडूक एकटीच होतंस."

"परत घाल. एक ठिपको. इवलोसो."

"बघूया," तो म्हणाला, आणि सूर खाली गेला. मग बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्याने 'बघूया'पुढे आणखी वाक्य जोडलं. "खरवडलेली काव परत चडना. वरसून लायल्यार सुकून पडतली. मास्तराक इचारलंय मी. तुका इचारूचां होतां." गोणपाट उचलून तो तिठ्याकडे चालू लागला. बस नव्हतीच. पेडण्यापर्यंत चालतच गेला असेल.

शालिनी वाचनालय झाडायची, किल्ली तिच्याकडेच असे. तिने घरची पिंजर आणली, बोटावर घेतली आणि टाच उंचावून गाणारीच्या कपाळावर टेकवली. बसली. ठिपका दिसला. ती मागे होऊन बघत राहिली, जरा बरं वाटलं. मध्यान्हीला परत आली तेव्हा कपाळ पांढरं आणि खाली जमिनीवर लाल चिमूटभर.

दुसऱ्या दिवशी परत लावली. परत पडली. तिसऱ्या दिवशी जनेलाबाहेर, खिडकीचे गज धरून, चार बायका उभ्या.

इथे वाड्याची जी समजूत झाली ती दुसऱ्या गावात झाली नसती. या भागात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नको. लग्न, घर, म्हैस विकणं, सगळं तसंच ठरतं. आता भिंतीवर लाल-पांढरी बाई, तिच्या कपाळावर काहीतरी चिकटवलेलं, आणि ते पडतं. कौल नाही तर काय?

"उजवीकडे पडली."

"मधीच पडली गो. सरळ खाली."

"सरळ म्हटल्यार तो ना उजवो ना डावो."

"म्हटल्यार बाबली ना जिवंत ना मेलो?"

"हसू नको गो. भिंत आयकता."

मास्तर तणतणत आले. "मूलतः, हे वाचनालय आहे, देवालय नव्हे. ती स्त्री प्रतीक आहे." बायकांनी त्यांना वाट दिली आणि ते आत गेल्यावर परत जनेलाशी जमल्या. खालच्या पायरीवर कुणीतरी दोन केळी ठेवून गेलं होतं. मास्तरांनी ती रागाने उचलली आणि थोड्या वेळाने, कुणी बघत नाही असं पाहून, खाल्ली.

चित्राची बातमी वाड्याबाहेर गेली आणि दोन वेगवेगळ्या दिवशी पोरांचे दोन घोळके शालिनीच्या दारात आले. पहिले म्हणाले, "वयनी, तुमची धालोची गाणी कोंकणी. आमच्या सभेत म्हणा." दुसरे म्हणाले, "वहिनी, ती मराठीच. आमच्या सभेत म्हणा." दोन्ही घोळक्यांचे घसे सारखेच बसलेले, घोषणा देऊन देऊन. शालिनीने दोघांनाही पाणी दिलं आणि दोघांनाही तेच विचारलं, "म्हणान. पण माका मांडावर चडूक देतले काय, तां सांगा आदी."

  तो प्रश्न त्यांच्या कुठल्याच पत्रकात नव्हता.

पौष लागला. मांड सारवायच्या आदल्या दिवशी भागीकाकी स्वतः देवकी-शालिनीच्या दारापुढच्या खळ्यात आली. बसायला दिलेल्या पाटावर बसली नाही. "मी वायट चिंतणारी नाय," ती म्हणाली. "पण मांडार अपशकून झालो तर सगळ्या वाड्याक भोगूचो लागता. फाल्यां सकाळी शालूने भिंतीक पिंजर लावची. मध्यान्हीपर्यंत रवली तर तिणे येवचां, पयली ओळ तिचीच. पडली तर..." तिने वाक्य हवेत सोडलं आणि निघून गेली.

देवकी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबली. मग आत जाऊन तिने शालिनीची मेणाची डबी आणली आणि तिच्यापुढे धरली.

"घे."

"कितें?"

"पिसां काय तू? तुज्या कपाळाक रवता ती कशाक रवता? मेणाक. भिंतीकय लाय. जाड लाय. म्हातारी रातभर बसली तरी पडूची नाय."

शालिनी डबीकडे बघत राहिली. इतक्या सोप्या गोष्टीचं तिला हसू यायला हवं होतं. देवकीला आलं. "भिंतीक फसवूचां म्हणजे कितें पाप नाय," ती डोळे मिचकावत म्हणाली. "भिंत काय जेवणाक बोलयता आमकां?" मग एकदम गंभीर झाली, दिराचं नाव घेताना व्हायची तशी. "तो येतलो, शालू. आयलो आणि तुजां कपाळ मोकळां दिसलां तर मी तेका कितें सांगू?"

सकाळी शालिनी वाचनालय उघडून आत गेली. जनेलाबाहेर बायका होत्याच, पण पाठमोरी असली की तिचे हात कुणाला दिसत नव्हते. तिने डबी उघडली. मेणात तिच्याच बोटाचा खड्डा होता, रोजच्या रोज खोल झालेला. तिने मेण बोटावर घेतलं आणि हात वर केला.

गाणारीचं तोंड अगदी जवळ होतं. चुन्याचा ओलसर वास अजून येत होता. हे कपाळ कुणी पुसलं, कुणी पुसायला सांगितलं, हे तिला ठाऊक होतं. बाबलीचा त्यात काही संबंध नव्हता. आणि निजलेलीच्या कपाळावर जो ठिपका राहिला, त्यातही नव्हता. मेण लावलं तर दुपारी भागीकाकी म्हणेल, बाबली जिवंत. नाही लावलं तर म्हणेल, मेला. बोटभर मेण. गेली इतकी वर्षं घरच्या आरशासमोरही तेवढंच होतं.

बोट हवेत राहून मेण घट्ट झालं. तिने ते परत डबीत पुसलं, झाकण लावलं. मग पदराचं टोक ओलं केलं आणि स्वतःचं कपाळ पुसलं. मेण सहज निघत नाही. दोनदा, तीनदा घासावं लागलं. कातडी लाल झाली.

बाहेर आली तेव्हा बायकांनी आधी भिंत पाहिली आणि मग तिला. कुणीतरी तोंडावर हात घेतला.

"हां कितें केलंस गो?" भागीकाकीचा आवाज चिरकला.

"तो जिवंत असा काय मेलो, माका म्हायत नाय," शालिनी म्हणाली. "मेणाक म्हायत असा?"

ती डबी देवकीच्या हाती परत ठेवायला घरी गेली, आता ती लागणार नव्हती. देवकी चुलीपुढे होती. वर बघून तिने शालिनीचं कपाळ पाहिलं आणि हातातलं लाकूड चुलीत ढकललं.  मग म्हणाली, "तुवें माज्या दिराक मारलंस."

"मी तेका मारूक नाय, वयनी."

"सपनात नाय आयलो तो. इतकी वरसां नाय आयलो. आता येतलो. आता च्या मागूक येतलो, तुज्यामुळां." तिने डबी घेतली नाही. डबी शालिनीने जोत्यावर ठेवली.

तिन्हीसांज सरली तशी मांडावर बायका जमल्या. शेणाने सारवलेली जमीन, मध्ये दिवा, देवाला सांगणं झालं, दोन ओळी उभ्या राहिल्या. देवकी डावीकडच्या ओळीच्या टोकाला. शालिनी मांडाच्या कडेशी, जिथे सारवण संपतं आणि साधी माती सुरू होते, तिथे मातीवर उभी. ये म्हणालं नाही कुणी, आणि जा म्हणायला भागीकाकीनेही तोंड उघडलं नाही.

पहिली ओळ उचलायची वेळ आली. कुणी उचलली नाही. येत नव्हती असं नाही, सगळ्यांना येत होती. एकीने घसा साफ केला, दुसरीने तिला कोपर मारलं. तिसरीने सुरू केली ती इतक्या खाली की स्वतःच थांबली. कमरेतले हात तसेच अडकलेले आणि पावलं जागच्या जागी. दिव्याची वात फडफडली. ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, मातीकडे कुणी बघत नव्हतं.

शालिनीने ओळ उचलली. जिथे होती तिथूनच, पाय न हलवता.

"दारच्या गो माडा, वाकून बघ रे,
दर्यावयल्यो वाटो मोजून सांग रे..."

गिरकी झाली. तिथे तिचा 'हुं' यायचा. आज तिच्या गळ्यातून तो निघाला नाही. ओळ तशीच लोंबकळत राहिली, न मिटलेली.

मग डाव्या ओळीच्या टोकाकडून आला. जाड, खरखरीत, तोफेच्या तोंडाला अजिबात न शोभणारा. "हुं."

ओळी हलल्या. पुढे चार पावलं, मागे चार. शालिनी मातीवरून गात राहिली आणि हुंकार दर वेळी वेळेवर येत राहिला. देवकीने मात्र शेवटपर्यंत तिच्याकडे वळून बघितलं नाही.